पद्मिनीचं बिऱ्हाड

नाना पेठेतल्या एका बोळात मेस्त्री कार्बोरेटर उघडून बसले होते. मांडीवर जुनं बनियन पसरलेलं, त्यावर पितळेचे चिमुकले जेट ओळीनं मांडलेले. एकेक उचलायचा, पेट्रोलमध्ये बुडवायचा, फुंकर मारायची आणि एक डोळा मिटून उजेडाकडे धरायचा. भोकातून उजेड नीट गोल दिसला की खाली ठेवायचा. एक जेट अडला होता. हाताखालच्या पोरानं बारीक तार पुढे केली, तर मेस्त्रींनी ती झिडकारली. "तारेनं भोक मोठं होतं. मग गाडी पेट्रोल प्यायला लागते आणि मालक म्हणतो, मेस्त्रीनं वाट लावली." त्यांनी रंगाच्या ब्रशातला एक केस उपटला, भोकातून ओवला, पुन्हा फुंकर. या वेळी उजेड आला.

गाडीचे मालक, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, स्टुलावर बसून हे सगळं पाहत होते. त्यांनी तिथे थांबायची काही गरज नव्हती. गाडी टाकून घरी जाता आलं असतं, संध्याकाळी फोन आला असता. पण फियाटवाले थांबतात. चहा मागवतात, पाना हातात देतात आणि उगाचच "टायमिंग जरा पुढे आहे का हो?" असं विचारतात.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'परवडणारं वेड' हा विषय दिला. सोबत ताकीदही दिली की रॅलीतल्या रोल्स-रॉईस आणि संस्थानिकांच्या गाड्या नकोत. पगारात किंवा पेन्शनीत सांभाळलेली जुनी, छोटी गाडी हवी. महाराष्ट्रात असं म्हटलं की फार शोधावं लागत नाही. स्टँडर्ड हेराल्ड आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पहिल्या पिढीची मारुती आता कुठे या रांगेत येऊ लागली आहे. बाकी सगळी फियाट, म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी हे नाव बॉनेटवर राहिलं, तोंडात फियाटच बसलं.

इटलीनं सोडली, कुर्ल्यानं धरली

या गाडीचं माहेर इटलीचं असलं तरी ती वाढली कुर्ल्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. जहाजं, विमानं, साखर आणि मोटारी अशा सगळ्यांत एकाच आयुष्यात हात घालणारा तो माणूस. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकन गाड्यांची जोडणी झाली, मग फियाटशी करार. १९५४च्या सुमारास आली ती गोल पाठीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ११००. तिला मुंबईकरांनी लगेच नाव दिलं, डुक्कर फियाट. त्यात कुचेष्टा कमी आणि लाड जास्त होता. १९६४ साली मागे छोटे पंख फुटलेली चौकोनी 'डिलाइट' आली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी.

गंमत अशी की इटलीनं हे मॉडेल १९६६ मध्येच बंद केलं. कुर्ल्यात ते जवळजवळ शतक संपेपर्यंत निघत राहिलं. इंजिन तेच १०८९ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे. परवाना-राज्यात स्पर्धा नव्हती, म्हणून बदलायची गरजही नव्हती. ग्राहकानं पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहायची. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना बारा हजारांची फियाट घेतली, तीही पंजाब नॅशनल बँकेचं पाच हजारांचं कर्ज काढून. त्यांच्या पश्चात ते कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी पेन्शनीतून फेडलं. ती गाडी दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात अजून उभी आहे.

ग्राहकाची ही जी कुचंबणा होती, तिच्यातूनच आजच्या फियाटवाल्याची सोय झाली. तीन-साडेतीन दशकं एकच गाडी निघत राहिली, त्यामुळे एका वर्षाचा दरवाजा दुसऱ्या वर्षाच्या गाडीला बसतो. त्यातून मुंबईची टॅक्सी म्हणजे हीच गाडी. काळ्या-पिवळ्या पद्मिनी रात्रंदिवस धावायच्या, म्हणजे त्यांचे क्लच, बेअरिंगं, पाटे रात्रंदिवस झिजायचे आणि तो माल बनवणारे छोटे कारखाने चालू राहायचे. दादरच्या डॉक्टरांची, साताऱ्याच्या वकिलांची घरची फियाट या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर स्वस्तात जगत होती, याची त्या डॉक्टर-वकिलांना गंधवार्ताही नव्हती.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपता संपता तीही रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून हळहळीचे लेख आले, फोटो आले. नाना पेठेतले मेस्त्री तेव्हा दुकानादुकानांतून क्लच प्लेटा गोळा करत फिरत होते. "टॅक्सी बंद म्हणजे माल बंद," ते मला म्हणाले. "फोटो काढून काय करणार?" त्यांच्या माळ्यावर आता वर्तमानपत्रात गुंडाळलेला जो साठा आहे, तो ते सहसा कुणाला दाखवत नाहीत.

खंबाटकीत ओलं फडकं

मे महिन्यात साताऱ्याच्या एका शिक्षिकेबरोबर त्यांच्या पद्मिनीतून पुण्याहून साताऱ्याला गेलो. गाडी त्यांच्या वडिलांनी १९७८ साली घेतलेली. वडील गेल्यावर भावानं फ्लॅट मागितला, बाईंनी गाडी. "दादाला वाटलं, ही येडी आहे," हे सांगताना त्यांनी गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकला. हात स्टिअरिंगवरून फार हलला नाही.

पुढची सीट अखंड बाकासारखी, मधे काही अडथळा नाही. खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात ती त्रिकोणी काच. ती उलटी फिरवली की वाऱ्याचा झोत थेट गळ्यावर येतो. छताचे खांब इतके बारीक की चारी बाजूंनी रस्ता दिसतो. आजच्या गाड्यांत माणूस खोल खड्ड्यात बसल्यासारखा बसतो. इथे आपण रस्त्यात असतो, शेजारच्या स्कूटरवाल्याशी बोलता येईल इतके. ताशी साठच्या वेगात गाडी खूश असते. ऐंशीला दरवाजे बोलू लागतात. त्यापुढे बाई नेत नाहीत.

शिरवळ गेलं, खंडाळा गेला आणि खंबाटकीच्या चढाला अर्ध्यात गाडीनं दोन आचके दिले. बाईंनी शांतपणे ती कडेला घेतली, बॉनेट उघडलं, डिकीतून पाण्याचा कॅन आणि एक फडकं काढलं. फडकं भिजवलं आणि इंजिनाच्या बाजूला असलेल्या पेट्रोल पंपावर लपेटलं. "आता दहा मिनिटं," म्हणाल्या आणि कठड्यावर जाऊन बसल्या.

झालं होतं ते असं. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असतो आणि इंजिनाच्या फिरण्यावरच चालतो. टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला द्यायचं, एवढंच त्याचं काम. घाटात गाडी हळू चालते, इंजिन मात्र जोरात. समोरून वारा येत नाही, वर मे महिन्याचं ऊन. पंप आणि नळी इतकी तापते की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. तो नुसता आत-बाहेर हलत राहतो, पुढे काही जात नाही. पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि जसं काही झालंच नाही अशा थाटात गाडी चालू होते. जुन्या ड्रायव्हरांनी घाटाआधीच पंपाला ओली चिंधी बांधायची पद्धत पाडली होती, ती यासाठी.

त्या दहा मिनिटांत तीन गाड्या थांबल्या. पहिल्या ट्रकवाल्यानं पाणी हवं का विचारलं. दुसऱ्यानं कॉइल बदला असा सल्ला दिला, जो साफ चुकीचा होता. तिसरे एक गृहस्थ कुटुंबासह उतरले, आपल्या मुलाला बॉनेटखाली डोकवायला लावलं आणि "आमच्या काकांकडे होती, फिकट निळी" इथपासून सुरुवात केली. बाईंनी त्यांना थांबवलं नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार फियाट बंद पडली की हे होतंच, आणि खरं सांगायचं तर एकटी बाई घाटात उभी आहे म्हणून भीती वाटावी असा प्रसंग या गाडीनं त्यांच्यावर अजून आणलेला नाही. नवी गाडी बंद पडली तर लोक भोंगा वाजवून पुढे जातात.

मी मात्र उताराला पाय दाबून बसलो होतो, हेही सांगितलं पाहिजे. ड्रम ब्रेक तापले की पकड सैल होते. बाई गिअरवर गाडी आवरत उतरतात, ब्रेकला दोनदा हलकं दाबून मग तिसऱ्यांदा खरं दाबतात. पुढच्या गाडीपासून अंतर इतकं ठेवतात की मधे दुसऱ्या गाड्या घुसतात. सुरक्षेच्या नावानं या गाडीत जवळपास काही नाही. धूरही आजच्या गाडीपेक्षा जास्तच. जुनी गाडी दणकट असते, पत्रा जाड असतो, हे पालुपद जिथे तिथे ऐकलं. पण जाड पत्रा दुमडत नाही, म्हणून धक्का आतल्या माणसापर्यंत येतो, हे कुणी बोलत नाही.

पत्रा खोटं बोलतो

इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. फियाट मरते ती गंजानं. म्हणूनच स्वस्तात मिळालेली फियाट बऱ्याचदा महागात जाते.

विकत घ्यायला जाणारा नवखा माणूस बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि भाळतो. जाणता माणूस आधी खिशातून लोहचुंबक काढतो. दरवाज्याची खालची कड, चाकाची कमान, पायरीखालचा पत्रा, डिकीतली स्टेपनीची जागा अशा ठिकाणी तो लावून पाहतो. चुंबक चिकटला तर पत्रा. घसरून पडला तर वरच्या चकचकीत रंगाखाली नुसती लांबी भरलेली आहे. पुण्यातल्या एका डेंटिंगवाल्यानं मला दरवाज्याच्या खालून सोललेला लांबीचा थर दाखवला. बोटभर जाडीचा, कडेला मातकट आणि मधे चार वेगवेगळ्या रंगांच्या रेघा. प्रत्येक मालकानं गंजावर आपापला थर चढवून गाडी पुढच्याच्या गळ्यात घातली होती.

आधी उल्लेख केलेल्या बँकवाल्या काकांनी कोकणातली गाडी घेतली होती. कोकण म्हणजे पाऊस आणि खारा वारा. पहिल्या पावसाळ्यात डबक्यातून गेल्यावर पायाशी कारंजं उडालं तेव्हा त्यांनी रबरी चटई उचलून पाहिलं, तर खालून रस्ता दिसत होता. गाडीला दिले त्याच्या तिप्पट पैसे पत्र्याच्या कामात गेले. काकूंना त्यांनी आकडा सांगितलेला नाही आणि मलाही छापायला मनाई आहे.

चांगला पत्रावाला गंज कापून काढतो, नवा पत्रा ठोकून त्याच वळणाचा करतो आणि जोडतो. याला वेळ लागतो. गाडी महिनोन्‌महिने त्याच्याकडे पडून राहते, दिवाळीला देतो म्हणतो, ती दिवाळी कुठली ते सांगत नाही. या मंडळींना घाई करून उपयोग नसतो, कारण घाई केली की ते पुन्हा लांबीकडे वळतात. लग्नात नवरा-नवरीसाठी भाड्यानं देतात त्या गुलाबी नि सोनेरी फियाटींबद्दल मला म्हणूनच शंका येते. त्यांच्यावर चुंबक फिरवायची परवानगी मला कुणी दिली नाही.

"नमुना आणा की"

मुंबईत अजून कुर्ल्याच्या भंगारबाजारात किंवा ऑपेरा हाउसच्या जुन्या दुकानांत नशीब असेल तर माल सापडतो. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी सकाळी गेलं की पोत्यावर मांडलेल्या नळांत, कुलपांत, टेपरेकॉर्डरांत एखादं फियाटचं हबकॅप चमकतं. पण जो माल कुठेच मिळत नाही, त्यासाठी फियाटवाले कोल्हापूरला जातात.

शिवाजी उद्यमनगरात शेतीच्या इंजिनांपासून साखर कारखान्यांच्या सुट्या भागांपर्यंत काहीही ओतून, कातून मिळण्याची जुनी रीत आहे. माझ्यासोबत आलेल्या एका फियाटवाल्या गृहस्थांना गिअरच्या जोडणीतलं एक बुश हवं होतं. स्टिअरिंगवरचा दांडा आपण हलवतो, ती हालचाल बऱ्याच सळ्या-सांध्यांतून खाली गिअरबॉक्सपर्यंत जाते. प्रत्येक सांध्यात एक बुश असतं. बुश झिजलं की सांधा ढिला होतो आणि गिअर मधेच अडकतो, पुढेही नाही नि मागेही नाही. सिग्नलला मागून भोंगे वाजत असताना खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि हातानं सळी हलवून गिअर सोडवायचा, हा प्रकार प्रत्येक फियाटवाल्याच्या वाट्याला कधी ना कधी आलेला असतो.

लेथवाल्यांनी झिजलेलं बुश तळहातावर फिरवून पाहिलं. "ह्ये गेलंय पार. दुसऱ्या बाजूचं चांगलं हाय का? त्यो नमुना आणा की." नमुना पुढे केला. व्हर्नियरनं बाहेरून मोजला, आतून मोजला, खडूनं लेथच्या पत्र्यावर आकडे लिहिले. मूळचं रबरी होतं. त्यांनी नायलॉनचा दांडा लावला. पांढऱ्या लांबलचक वेटोळ्या सुटू लागल्या आणि पायाशी ढीग झाला. मधेच लेथ थांबवून नमुन्याची पिन आत सरकवून पाहिली, मान हलवली, अजून एक हलका हात. दुसऱ्यांदा पिन सरकली ती जराशी आवळून.

पैसे विचारले तर चहाच्या आसपासचा आकडा सांगितला. गृहस्थांनी एकदम डझनभर करून मागितली. लेथवाले हसले. "तुमची एकच गाडी न्हवं? मग येवढी काय करायची?" बाकीची पुण्यातल्या, सांगलीतल्या, मिरजेतल्या ओळखीच्या फियाटवाल्यांना जाणार होती. मेस्त्री, पत्रावाला, लेथवाला, भंगारवाला आणि आपल्यासारखेच चार येडे, एवढं बिऱ्हाड असल्याशिवाय ही गाडी चालत नाही. स्वस्त गाडी म्हणतात ती एवढ्यासाठी स्वस्त, की हे लोक आपल्या कामाची किंमत अजून जुन्याच मापानं लावतात.

परतीच्या वाटेवर पेट्रोल भरताना गृहस्थ पंपाकडे खाऊ की गिळू असं बघत होते. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं इथेनॉलसाठी बनलेलीच नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात, तडकतात. इथेनॉल हवेतलं पाणीही शोषतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाला गंज चढायची भीती. शिवाय त्यात प्राणवायू आधीच असल्यानं जुन्या जेटमधून जाणारं मिश्रण पातळ पडतं आणि गाडी खेचत नाही. मग नळ्या नव्या जातीच्या घालायच्या, जेट किंचित मोठा बसवायचा. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलला बोल लावणं अवघडच. त्यातून वालचंदनगर आणि रावळगावचे साखर कारखाने उभारणारे वालचंद हिराचंदच. त्यांच्या एका धंद्यानं दुसऱ्याच्या नळ्या खाव्यात, असा योग आला आहे.

पन्नाशीचा पेच

खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि मग दर पाच वर्षांनी. गाडी आरटीओत न्यायची, तपासणी करायची, पर्यावरण कर भरायचा. २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते दहा हजार झालं. विम्याचंही तसंच. इतक्या जुन्या गाडीची किंमत ठरवायला तक्ता नसतो. विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. आपसांत म्हणजे कंपनी सांगेल ती.

खरा घोळ होतो तो कागद आणि लोखंड यांचा मेळ बसत नाही तेव्हा. मधल्या कुणा मालकानं इंजिन बदललेलं असतं, कुणी डिझेलचं बसवून पुन्हा काढलेलं असतं आणि नोंद पुस्तकात त्याचा पत्ता नसतो. तपासणीला चेसिस नंबरवरचा रंग खरवडून तो कागदावर पेन्सिलीनं घासून उमटवतात. तो जुळतो, इंजिनाचा जुळत नाही. मग शपथपत्र, एजंट, पुढच्या आठवड्यात या.

यावर एक सुटका दिसते ती व्हिंटेजची. २०२१ मध्ये केंद्रानं नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, पाटीवर 'व्हीए' ही खास अक्षरं. पण तीच गाडी मग रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कारणांपुरतीच ती रस्त्यावर यायची. राजेरजवाड्यांच्या गाड्यांसाठी हा नियम ठीक आहे, त्या तशाही ताडपत्रीखालीच असतात. बाजाराची पिशवी आणणाऱ्या फियाटीचा विचार करून तो केलेला दिसत नाही.

बाईंच्या गाडीला २०२८ मध्ये पन्नास पूर्ण होतील. व्हिंटेज करणार का, असं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या वडिलांना वृद्धाश्रमात ठेवायचं सुचवलंय. "आणि शाळेत काय एसटीनं जाऊ?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "दर पाच वर्षांचे भरू, जमेल तोवर. आत्ता स्टिअरिंगला खेळ वाढलाय, दिवाळीच्या सुट्टीत किंगपिन करायचेत. ते आधी."

किंगपिनच्या बुशांचा नमुना त्यांनी कोल्हापूरला पाठवलाही आहे.